भूक लागलेले राक्षस

आपल्याकडे राक्षसाची ओळख त्याच्या भुकेवरून होते. बकासुराला गाडाभर भात, दोन रेडे आणि ते गाडं हाकणारा माणूस असा शिधा लागे. कुंभकर्णाच्या शौर्यापेक्षा जागा झाल्यावर त्याने काय काय फस्त केलं, हेच सांगणाऱ्या आजीला आणि ऐकणाऱ्या नातवंडांना अधिक प्रिय. राक्षसाने हुकूम सोडावा आणि गावाने थरथरत जेवण पोचवावं, हा आपला शिरस्ता. त्यामुळे जपानी राक्षसांची ती मालिका बघायला बसलो तेव्हा माझी तयारी साधारण तेवढीच होती. पडद्यावर एक पिवळाधमक, बुटका, मोठ्या डोक्याचा डायनासोर आला. त्याने तोंडातून आगीचे गोळे सोडले, मग तो घराएवढा झाला, समोरच्या धटिंगणाला त्याने समुद्रात भिरकावून दिलं, पुन्हा बुटका झाला आणि धपकन खाली बसून शेजारच्या मुलाला केविलवाण्या आवाजात म्हणाला की मला भूक लागली.

बकासुराच्या तोंडी असलं वाक्य व्यासांनी कधी घातलेलं नाही.

या डायनासोरचं नाव आगुमॉन, मुलाचं नाव ताइची यागामी आणि मालिकेचं नाव ‘डिजिमॉन ॲडव्हेंचर’. आमच्या घरात ती भाचीने आणली. भाची आर्किटेक्चर शिकते, भलेमोठे कागद गुंडाळून आमच्याकडे राहायला येते आणि रात्री डोकं चालेनासं झालं की लॅपटॉपवर हे राक्षस लावते. ‘मामा, तू बघ, पण मधे मधे प्रश्न विचारू नकोस,’ ही तिची अट. मी अट मान्य केली आणि प्रश्न विचारत राहिलो. तिची मालिका आधीच पाहून झालेली असल्यामुळे पुढे काय होणार हे तिला ठाऊक असतं. तरी आधी डोळे पुसते ती तीच.

माझा पहिला प्रश्न होता की हे प्राणी आले कुठून. उत्तर गमतीदार निघालं. हे राक्षस मालिकेसाठी जन्मलेलेच नाहीत. ते एका खेळण्यातून बाहेर पडले. नोव्हेंबर १९९६ मध्ये बांदाई या जपानी कंपनीने तामागोची नावाचं अंड्याच्या आकाराचं खेळणं बाजारात आणलं. तीन बटणं, नखाएवढा काळापांढरा पडदा आणि त्यात एक जीव. त्याला भरवायचं, खेळवायचं, त्याची शी काढायची, आजारी पडला तर औषध द्यायचं, झोपला की दिवा मालवायचा. ही कामं घरी फुकट उपलब्ध असताना जगभरच्या लोकांनी पैसे मोजून ती अंगावर घेतली. १९९७ चं अर्थशास्त्राचं इग्नोबेल पारितोषिक तामागोचीच्या जनकांना, आकिहिरो योकोई आणि आकी माइता यांना मिळालं. कारण काय, तर त्यांनी माणसांचे लक्षावधी कामाचे तास आभासी प्राण्यांच्या संगोपनाकडे वळवले. इग्नोबेलवाले आधी हसवतात आणि मग विचार करायला लावतात. या वेळी हसूनच पुरे झालं असावं.

तामागोची मुलींना फार आवडलं. तेव्हा मुलग्यांसाठी काहीतरी दणकट हवं, असं बांदाईला वाटलं आणि जून १९९७ मध्ये ‘डिजिटल मॉन्स्टर’ आलं. हे यंत्र पिंजऱ्यासारखं दिसायचं. दोन यंत्रं एकमेकांना टेकवली की आतले प्राणी लढत. खेळणं मर्दानी, मारामारीचं, सगळं खरं. पण शी इथेही काढावीच लागे. ती नाही काढली, जेवणाची वेळ चुकवली, एकूण हेळसांड केली, तर मोठेपणी त्या प्राण्याचा नुमेमॉन होई. नुमेमॉन म्हणजे जीभ बाहेर लोंबणारा, हिरवा, बुळबुळीत, दिसायला गोगलगायीच्या नात्यातला जीव. मालिकेतही तो येतो आणि शत्रूवर शी फेकून लढतो. ज्याचं बालपणी कुणी आवरलं नाही त्याने पुढे तेच हत्यार करावं, यात मला काव्यात्म न्याय दिसला. भाचीला फक्त किळस आली.

तर राक्षस कसा निघेल हे त्याच्या कुंडलीवर नाही, त्याला वाढवणाऱ्यावर ठरतं. खेळण्यातून मालिकेत आलेली ही एवढी एकच गोष्ट मला सोन्याची वाटते. बाकी लढाया, किंचाळ्या, प्रकाशाचे झोत जपानी मालिकांत पोत्याने मिळतात.

७ मार्च १९९९ रोजी फुजी टीव्हीवर पहिला भाग लागला आणि पुढच्या मार्चमध्ये ५४ व्या भागावर मालिका संपली. तोएई ॲनिमेशनची निर्मिती. गोष्ट सुरू होते १ ऑगस्ट १९९९ रोजी. माझ्या पिढीला १ ऑगस्ट म्हटलं की लोकमान्यांची पुण्यतिथी, शाळेतली भाषणं आणि त्यातल्या शेंगा-टरफलं आठवतात; डिजिमॉनचे चाहते मात्र हा दिवस अजून वेगळ्या कारणाने साजरा करतात. त्या दिवशी उन्हाळी शिबिराला गेलेल्या सात मुलांवर भर उन्हाळ्यात बर्फ पडतं, आकाशात रंगीत प्रकाशाचे पडदे हलू लागतात, वरून सात चिमुकली यंत्रं येऊन हातात पडतात आणि मुलं दुसऱ्याच जगात जाऊन आदळतात. शुद्धीवर येतात तर प्रत्येकाजवळ फुटबॉलएवढा एक जीव बसलेला. कधीपासून तुझीच वाट बघतोय, म्हणतो. ओळख ना पाळख, आणि कुणीतरी आपलं नाव घेऊन वाट बघत बसलेलं! बाकीच्या ५३ भागांचा पाया या एका थापेवर, किंवा या एका सत्यावर आहे. तुमच्या वयानुसार काय ते ठरवा.

ते जग म्हणे संगणकाच्या जाळ्यातल्या माहितीतून तयार झालेलं आहे. असेल. पण ती माहिती लावून ठेवणारा कारकून सुट्टीवर गेलेला असावा. समुद्रकिनाऱ्यावर टेलिफोनच्या पेट्या ओळीने उभ्या आहेत. मुलं धावत जाऊन घरी फोन लावतात, तर पलीकडून उद्याच्या हवामानाचा अंदाज ऐकू येतो: ऊन पडेल, अधूनमधून आइस्क्रीम. तळ्याच्या मधोमध ट्रामचा डबा आहे. शीतपेयांचं यंत्र दिसलं म्हणून मिमी नावाची मुलगी आनंदाने पळत सुटते, तर आतून बाटलीऐवजी नुमेमॉन. आणि बर्फाच्या मैदानात एक फ्रिज उभा आहे, त्यात अंडी.

या अंड्यांपाशी थोडं थांबलं पाहिजे. सातवा भाग. घर हरवलंय, जग हरवलंय, परत कसं जायचं ठाऊक नाही, ज्या बेटावर येऊन पडले तिथे दुष्ट शक्ती मोकाट आहेत. अशा वेळी मुलं अंडी तळतात आणि खाताना विषय निघतो की तळलेल्या अंड्यावर काय घालायचं. एकाचं एक, दुसऱ्याचं भलतंच. सगळ्यांत मोठा जो किदो. त्याच्या मते मीठ आणि मिरपूड, बाकी सगळा अधर्म. बाकीच्यांची उत्तरं ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत जातो. पायांखालची जमीन गेली तेव्हाही तो इतका हादरलेला नव्हता. पोह्यांत साखर घालावी की नाही यावरून ज्या घरात दोन तट आहेत, त्या घरातल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. पटकथाकाराने लढाई पाच मिनिटं पुढे ढकलून अंड्यांना जागा दिली, त्याचा हात धरून आभार मानावेत असं मला वाटलं.

जो किदो हा माझा आवडता. भाचीला यामातो आवडतो. यामातो एकलकोंडा, सोनेरी केसांचा, हार्मोनिका वाजवणारा, जवळ लांडग्यासारखा गाबुमॉन. कॉलेजातल्या मुलीला तो आवडावा हे निसर्गनियमाला धरून आहे. जो सहावीत आहे, चष्मा लावतो, त्याला ॲलर्जी होते, परीक्षेची चिंता आहे आणि पहिल्या भागापासून त्याच्या खांद्याला शिबिराची आपत्कालीन पिशवी लटकते. ती पिशवी खरं तर मिमीने सांभाळायची. ती सांभाळत नाही म्हणून हा तिला शोधत फिरतो आणि तेवढ्यात जग बदलतं. दुसऱ्याच्या वाट्याची पिशवी घेऊन चुकीच्या विश्वात पोचणं हे काही जणांच्या नशिबीच असतं. आमच्या ऑफिसात मी तसे बरेच पाहिले.

दुसऱ्या भागात हा पिशवीतलं खाणं मोजायला बसतो. माणसं किती, वेळा किती, किती दिवस पुरेल. आकडेमोड गंभीरपणे चालू असताना शेजारी ताइची आणि आगुमॉन तेच खाणं चापत असतात. जोचा संताप होतो. आणि मग गंमत बघा. थोड्याच वेळात हल्ला होतो. बाकी सगळे राक्षस उपाशी, त्यामुळे त्यांच्या अंगात बळच नाही. पोट भरलेला एकटा आगुमॉन. तो मोठा होऊन सगळ्यांना वाचवतो. हिशोब जोचा बरोबर होता, जीव मात्र ताइचीच्या उधळेपणाने वाचले. पटकथाकाराने यावर एक शब्दही भाष्य केलेलं नाही. मी केलं असतं, म्हणून मी पटकथाकार नाही.

जोचा साथी गोमामॉन नावाचा पांढरा, सीलसारखा प्राणी. तो सतत जोची चेष्टा करतो. सगळ्यांत मोठा मी, जबाबदारी माझी, असं म्हणून रात्री जो एकटाच बेटावरचा डोंगर चढायला निघतो, तेव्हा टोमणे मारत मारत त्याच्या मागून जातो तो हाच. पुढे एकदा जो एका खानावळीत अडकतो. बिल भागवता येत नाही म्हणून भांडी घासायची. घासताना काही फुटलं की मुदत वाढायची. त्याला शोधत आलेला यामातोही त्याच कामाला जुंपला जातो. राक्षसांशी लढायला आलेली मुलं एप्रन लावून बशा विसळताहेत आणि खानावळीच्या मालकाला जगाच्या विनाशापेक्षा काचसामानाची काळजी अधिक. मालक अर्थात राक्षसच.

खाणं या मालिकेच्या घराण्यातच आहे. २००१ साली ‘डिजिमॉन टेमर्स’ ही तिसरी मालिका आली. तिच्यातला ताकातो शिंजुकूतल्या एका बेकरीवाल्याचा मुलगा. त्याने वहीत काढलेला लाल डायनासोर, गिलमॉन, खराखुरा होऊन समोर उभा राहतो. आता एवढं धूड टोकियोत लपवायचं कुठे? बागेतल्या एका पडीक खोलीत. खायला काय घालायचं? बापाच्या बेकरीतले पाव. शेवटी त्या बेकरीत गिलमॉनच्या तोंडासारखा पावही भाजला जातो. चियाकी कोनाका हा मुख्य लेखक गूढ आणि भयाच्या कथांत रमणारा माणूस. ‘टेमर्स’ शेवटाकडे चांगलीच अंधारी होत जाते. पण तो पाव त्यालाही टाळता आला नाही.

‘ॲडव्हेंचर’मध्ये मुलांना एकेक चिन्ह मिळतं. धैर्य, मैत्री, प्रेम, ज्ञान, निरागसता, सचोटी, आशा आणि नंतर सापडलेल्या आठव्या मुलीला, ताइचीच्या धाकट्या बहिणीला, प्रकाश. ही यादी वाचून मला शाळेच्या व्हरांड्यातल्या सुविचारांच्या पाट्या आठवल्या आणि मी जांभई दिली. भाची म्हणाली, ‘थांब जरा.’ थांबलो. प्रत्येकाला मिळालेला गुण हा नेमका त्याच्या दुखऱ्या जागेवर बसवलेला आहे, हे हळूहळू लक्षात आलं. मैत्रीचं चिन्ह यामातोला, ज्याला चार माणसांत मिसळता येत नाही. आईवडील विभक्त झाले तेव्हा तो वडिलांकडे राहिला आणि धाकटा ताकेरू आईकडे गेला. भावाला वाढवण्याची हौस पुरी व्हायच्या आत भाऊच दुसऱ्या घरी. प्रेमाचं चिन्ह सोराला, आणि तिची खात्री अशी की आईचं आपल्यावर प्रेम नाही. आई इकेबाना शिकवते, मुलीला फुटबॉल खेळायचा असतो. पायाला दुखापत झालेली असताना आई सामन्याला जाऊ देत नाही, तो सल मुलीने मनात धरून ठेवलेला. चिन्ह गळ्यात आहे, ते उजळत मात्र नाही.

ज्ञानाचं चिन्ह कोशिरोला. हा लहानगा डोकं लॅपटॉपमध्ये घालून बसलेला असतो आणि सगळ्यांशी, आपल्या किड्यासारख्या तेंतोमॉनशीसुद्धा, अदबीने बोलतो. घरातही त्याच अदबीने. कारण पुढे कळतं. एका रात्री तो आईवडिलांचं बोलणं ऐकतो आणि त्याला समजतं की आपण त्यांच्या पोटचे नाही. कुणाला काही न विचारता मुलगा संगणकात शिरतो. जिथे विचारलं की उत्तर मिळतं आणि उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघावा लागत नाही, अशी ती जागा. आईवडील शेवटी धीर करून खरं सांगतात, तेव्हा तो म्हणतो की मला माहीत होतं. त्या भागात राक्षस आहेत की नाहीत हे मी विसरूनच गेलो होतो. मध्ये कोशिरोचा एक प्रसंग तर असा आहे की एक लबाड राक्षस गोड बोलून त्याच्याकडून त्याची जिज्ञासाच काढून घेतो. हिसकावत नाही, मुलगा आपणहून देऊन टाकतो आणि शांत, समाधानी, बिनकामाचा होतो. पाहताना हसू येतं आणि नंतर बराच वेळ येत नाही.

सोळाव्या भागाबद्दल पालकांनी पाहण्याआधीच सावध असलेलं बरं. ताइचीला चिन्ह मिळालेलं असतं, त्यामुळे आगुमॉनने आता वरची पायरी गाठलीच पाहिजे असा त्याला ध्यास लागतो. तो आगुमॉनला कोंबून कोंबून खाऊ घालतो. ज्या प्राण्याने आजवर स्वतःहून मागून खाल्लं त्याला पहिल्यांदाच नको नको म्हणायची वेळ येते. मग तेही पुरेसं होत नाही, म्हणून ताइची स्वतःला मुद्दाम संकटात लोटतो, म्हणजे तरी हा मोठा होईल. आणि तो होतो. पण भलताच होतो. अंगावर मांस नसलेला, शत्रू-मित्र न ओळखणारा, दिसेल ते फोडत सुटणारा हाडांचा सापळा. शक्ती भरपूर, आत आगुमॉन कुठेच नाही. भान आल्यावर माफी मागतो तोही आगुमॉनच, मुलाची निराशा केली म्हणून. इथे भाचीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या बारावीच्या वर्षी आमच्या घराण्यात चाललेल्या चर्चा तिला आठवत असाव्यात. मी पाणी प्यायला उठलो.

मला एक गोष्ट विशेष भावली ती म्हणजे हे राक्षस कायमचे मोठे होत नाहीत. लढाई संपली की आगुमॉन पुन्हा बुटका; फारच दमला असेल तर आणखी खाली, नुसता गुलाबी गोळा, नाव कोरोमॉन. एवढा पराक्रम गाजवला, पण बढती पक्की नाही, निवृत्तिवेतन नाही, गाडी नाही. पुढच्या वेळी पुन्हा शून्यातून. त्यांपैकी कुणीही कधी याबद्दल तक्रार करत नाही. मोठं होणं हे त्यांच्या लेखी प्रसंगापुरतं काम आहे. आमच्या सोसायटीचा चेअरमन एकदा मोठा झाला तो अजून लहान झालेला नाही.

पोकेमॉनशी तुलना इथे होतेच, ती झटक्यात उरकतो. पोकेमॉनची मालिका आधी आली, १९९७ मध्ये, आणि जगात गाजलीही तीच जास्त. तिथे प्राणी पकडायचे, गोळ्यात ठेवायचे. इथे प्राणी पकडता येत नाही, बदलता येत नाही आणि तो बोलतो. उलट उत्तर देतो, रुसतो, डुलक्या काढतो, तुमच्या वाट्याचं खातो. ज्याला मालक व्हायचं आहे त्याने पोकेमॉन बघावं.

४ मार्च २००० रोजी जपानी चित्रपटगृहांत आलेला चाळीसेक मिनिटांचा एक छोटा चित्रपट मात्र वेगळा काढून सांगायला हवा. ‘आमचा वॉर गेम’ अशा अर्थाचं त्याचं नाव आणि दिग्दर्शक मामोरू होसोदा, ज्याचा पुढे ‘मिराई’ हा चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. इंटरनेटमध्ये एक राक्षस जन्मतो आणि माहिती खात सुटतो, पुन्हा भूकच. जग वाचवायला ताइची आणि कोशिरो मित्रांना फोन लावतात. मिमी हवाईला गेलीय. जो परीक्षेच्या हॉलमध्ये आहे, अर्थातच. सोरा ताइचीवर रुसलीय आणि फोनवर येत नाही. यामातो आणि ताकेरू शिमानेला आजीच्या गावी, जिथे संगणक फक्त न्हाव्याच्या दुकानात. तर जगाचं रक्षण एका घरातल्या संगणकावर आणि एका केशकर्तनालयात बसून चाललेलं. ऐन लढाईत कोशिरोला, चहा पिऊन पिऊन, शौचालयात जावं लागतं. संगणक अडकला म्हणून ताइची त्याला थपडा मारतो आणि तो ठप्प होतो. त्याच घरात आई केक करतेय, तिला कशाचा पत्ता नाही. जगभरातली मुलं ही लढाई पाहत असतात आणि लढवय्यांना धीर द्यायला ईमेल धाडतात. इतके ईमेल येतात की त्या ओझ्याने आपलेच राक्षस संथ होतात. ज्यांनी त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडलं आहे आणि घरात कुणी रिसीव्हर उचलला की आरडाओरडा केला आहे, त्यांच्यासाठी हा चित्रपट म्हणजे इतिहासाचं साधन आहे. शुभेच्छांखाली माणूस गुदमरू शकतो हे दिवाळीच्या सकाळी फोन उघडणाऱ्यांना आता कळलं. होसोदाला २००० सालीच कळलं होतं. कोशिरोला तर त्याच्याही पुढचं सुचतं. तो ते सगळे ईमेल शत्रूकडे वळवतो.

दुसऱ्या मालिकेत राक्षसांच्या जोडीसाठी निवडलेली अशी मुलं जगभर आहेत असं दाखवलंय, आणि त्यात मीना नावाची एक भारतीय मुलगीही आहे. तिचा साथी मेरामॉन, म्हणजे अंगभर आग पेटलेला माणूस. तिला कामं फार नाहीत. तरी ती आली तेव्हा आम्ही दोघंही सरसावून बसलो. क्रिकेटमुळे लागलेली सवय.

आता ज्याच्यामुळे भाचीची आणि माझी खरी वादावादी झाली तो चित्रपट. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानमध्ये ‘लास्ट इव्होल्यूशन किझुना’ प्रदर्शित झाला. ताइची आता बावीस वर्षांचा, पदवीच्या शेवटच्या वर्षाला. पुढे काय करणार याचं उत्तर नाही. आणि अशात त्याला सांगण्यात येतं की मूल मोठं झालं की साथी जातो. हातातल्या यंत्रावर एक वर्तुळ उमटतं आणि त्यातले दिवे एकेक करून विझू लागतात. शेवटचा विझला की संपलं. कारण असं दिलंय की मुलाच्या अंगात अमाप शक्यता असतात, त्या शक्यतांच्या जोरावर साथी टिकतो. माणूस आपला रस्ता निवडू लागला की शक्यता आटत जातात. चित्रपटातली एक अतिहुशार मुलगी चौदाव्या वर्षीच विद्यापीठात गेलेली असते आणि त्याच पायी आपला साथी गमावून बसलेली असते. लवकर मोठं झाल्याचा दंड.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, बरोबर आहे, असंच असतं. मी म्हटलं, काही बरोबर नाही. हे पंचवीस वर्षांच्या माणसाचं तत्त्वज्ञान आहे. रस्ता निवडल्यावर शक्यता आटतात असं ज्याला वाटतं त्याने अजून नीट रस्ता निवडलेला नाही. माझ्या माहितीतल्या एका बँक अधिकाऱ्याने निवृत्त झाल्यावर सतार हातात घेतली. वाईट वाजवतो, मुद्दा तो नाही. आणि साथी जातो तो मूल मोठं झालं म्हणून जातो की मोठं झालेलं मूल त्याला जेवायची वेळ विचारेनासं होतं म्हणून? नुमेमॉनचा नियम सरळ होता. हेळसांड केली की असं होतं. त्यात शक्यतांचं तत्त्वज्ञान आणायची गरज पडली नव्हती. भाची म्हणाली, ‘मामा, तू दरवेळी जेवणावरच कसा येतोस?’ मी म्हटलं, मालिकाच येते, मी काय करू.

शेवट मी सांगणार नाही. इतकंच सांगतो की ताइची आणि आगुमॉन शेजारी शेजारी बसलेले असतात, उद्याविषयी काहीतरी बोलणं चाललेलं असतं, आणि त्या वेळी भाचीशी वाद घालायच्या स्थितीत मी नव्हतो.

दिलासा म्हणून चाहत्यांनी कॅलेंडर काढून ठेवलेलं आहे. दुसऱ्या मालिकेच्या अगदी शेवटी पंचवीस वर्षांनंतरचं जग दाखवलं होतं, म्हणजे २०२७ च्या आसपासचं. त्यात जगातल्या प्रत्येक माणसाला साथी मिळालेला आहे. आधी उडी आणि मग विचार, हे ज्याचं ब्रीद तो ताइची परराष्ट्र सेवेत, दोन जगांमधला मुत्सद्दी. यामातो अंतराळवीर. मिमीचा टीव्हीवर पाककृतींचा कार्यक्रम. ताकेरू कादंबरीकार, ही सगळी गोष्ट आपण ऐकतोय ती त्याच्याच तोंडून. दुसऱ्या मालिकेतल्या दाइसुकेचा रामेनच्या गाड्यांचा धंदा. आणि जो किदो डिजिटल जगातला पहिला डॉक्टर. पिशवी अखेर योग्य खांद्यावर पोचली. त्या दृश्यात आगुमॉनही ताइचीसोबत आहे. याचा अर्थ तेवढ्या काळात तो परत येणार, असा चाहत्यांचा दावा. युक्तिवाद पक्का आहे, न्यायालयातही टिकेल.

तुम्ही बघणार असाल तर पहिल्या मालिकेपासूनच सुरुवात करा आणि जपानी आवाजात, खालची अक्षरं वाचत बघा. पहिले काही भाग जुनाट वाटतील. राक्षस मोठा होण्याचं तेच ते दृश्य दर भागात येईल; ते पुढे ढकलू नका, मागचं गाणं फार चांगलं आहे. शीर्षकगीतही सोडू नका. ते गाणारे कोजी वादा एप्रिल २०१६ मध्ये गेले, फार लवकर गेले, आणि त्यानंतर आलेल्या ‘किझुना’तही त्यांचाच आवाज आहे. बघायला बसण्याआधी जेवणं मात्र उरकून घ्या. सातव्या भागात अंडी तळतात, आणि रात्री साडेअकरा वाजता कुणीतरी तवा तापत ठेवायला सांगतंच.